अकिहाबारा : छंदाने वसवलेली पेठ

तोक्यो शहरातील अकिहाबारा हा परिसर आज ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि व्हिडिओ गेम यांच्या चाहत्यांची पंढरी मानला जातो. परंतु कोणत्याही नगररचनाकाराने किंवा बड्या भांडवलदाराने त्याची तशी आखणी केलेली नव्हती, आणि या पेठेचा इतिहास अभ्यासण्याजोगा ठरतो तो नेमका याच कारणाने.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात येथे रेडिओच्या सुट्या भागांचा काळाबाजार भरत असे, आणि स्वतःच्या हाताने रेडिओ जुळवणारे तंत्रशिक्षणाचे विद्यार्थी त्याचे गिऱ्हाईक होते. 1949 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने रस्त्यावरील विक्रीला बंदी करताच हे विक्रेते लोहमार्गाच्या पुलाखालील गाळ्यांत शिरले. ‘रेडिओ सेंटर’ नावाची ती बाजारपेठ अजूनही चालू असून, दोन माणसे एकमेकांना जेमतेम ओलांडू शकतील अशा बोळांच्या दुतर्फा रेझिस्टर, कपॅसिटर, स्विच आणि तारांची वेटोळी छोट्या कप्प्यांतून मांडलेली असतात.

पुढे दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्रे व शीतकपाटे यांच्या विक्रीने अकिहाबाराला ‘विद्युतनगरी’ हे नाव मिळवून दिले. 1976 साली एनईसी कंपनीने टीके-80 हा ग्राहकाने स्वतः जुळवायचा सूक्ष्मसंगणक बाजारात आणला आणि त्याच्या खरेदीदारांना मार्गदर्शन करणारे केंद्र येथीलच ‘रेडिओ कैकान’ या इमारतीत उघडले. कालांतराने उपनगरांतील महामार्गांलगत मोठी दुकाने निघाल्याने घरगुती उपकरणे घेणारी कुटुंबे तिकडे वळली व अकिहाबारात मुख्यतः संगणकवेडे तरुण उरले. या तरुणांना मांगा व ॲनिमे यांचीही तितकीच गोडी होती. अशा एखाद्या छंदात आकंठ बुडालेल्या माणसाला जपानीत ‘ओताकू’ म्हणतात, आणि 1980च्या दशकात रूढ झालेल्या या शब्दाला दीर्घकाळ हेटाळणीचा वास होता. वास्तुरचनेचे अभ्यासक मोरिकावा काइचिरो यांच्या प्रतिपादनानुसार विद्युतनगरीचे ओताकूंच्या पेठेत झालेले परिवर्तन बाजाराच्या डावपेचांतून घडले नसून, समान रुची असलेली माणसे एका ठिकाणी साचल्याने झाले. काइयोदो या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपनीने 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात शिबुयासारखी फॅशनची पेठ सोडून रेडिओ कैकानमध्ये बस्तान हलवले, ही घटना त्यांच्या मताला चांगलीच पुष्टी देते.

या छंदाचे अर्थकारण सर्वांत स्पष्ट दिसते ते भाड्याच्या काचपेट्यांत. दुकानदार कुलूपबंद काचेचे खण मासिक भाड्याने देतो, भाडेकरू संग्राहक त्यात आपल्याकडील ‘फिगर’, म्हणजे एखाद्या पात्राच्या रंगवलेल्या लहान मूर्ती, किमतीच्या चिठ्ठ्या लावून मांडतो, आणि एरवी ज्याला केवळ ग्राहक म्हटले असते तो येथे अर्धा व्यापारी होऊन बसतो.

2001 मध्ये येथे पहिले कायमस्वरूपी मेड कॅफे, म्हणजे दासीच्या वेशातील तरुणी ग्राहकांचे ‘मालक’ म्हणून स्वागत करतात असे उपाहारगृह, सुरू झाले. 2005 साली एकेबी48 या गायिकासमूहाचे नाट्यगृह, नवा रेल्वेमार्ग आणि योदोबाशी या विद्युत उपकरणांच्या दुकानसाखळीचे प्रचंड दुकान एकाच वर्षी अवतरल्यावर देशोदेशींचे पर्यटक येऊ लागले. प्रसिद्धीबरोबर आघातही आला : 8 जून 2008 रोजी एका माथेफिरूने ट्रक व सुऱ्याने केलेल्या हल्ल्यात सात जणांचा बळी गेला आणि रविवारी मुख्य रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्याची प्रथा जानेवारी 2011 पर्यंत स्थगित राहिली.

अलीकडे पर्यटकांसाठी थाटलेल्या दुकानांमुळे येथील मूळ रांगडेपणा पातळ झाला आहे, यात शंका नाही. त्यामुळे येथे जाणाऱ्याने मुख्य रस्त्यावरील झगमगाटावर समाधान न मानता इमारतींचे वरचे मजले आणि पुलाखालचे बोळ अवश्य पाहावेत. जाण्यासाठी रविवारची दुपार निवडल्यास वाहनांचाही अडथळा होत नाही.