किल्ली घरात, गाडी गायब

मोटार डिझायनर दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' ही स्पोर्ट्‌स कार 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत झळकली. पुणे परिसरात तयार झालेली ही गाडी आज रस्त्यावर क्वचितच दिसते. अशी दुर्मीळ गाडी चोरीला गेली, तर विम्याचे पैसे मिळतीलही; पण तशी दुसरी गाडी मिळणे कठीण.

किल्ली न लावता उघडणाऱ्या गाड्या चोरायला आता काच फोडावी लागत नाही. दाराच्या मुठीला हात लावताच गाडी कमी कंप्रतेचा संदेश सोडते. तो जेमतेम मीटर-दीड मीटर पोहोचतो. खिशातली किल्ली सांकेतिक उत्तर देते आणि दार उघडते. चोर दोघे असतात: एक गाडीपाशी, दुसरा घराच्या दाराशी. हातातल्या उपकरणांनी ते हा संदेश किल्लीपर्यंत पोहोचवतात. संकेत फोडावा लागतच नाही. एकदा इंजिन सुरू झाले, की किल्ली दूर गेली तरी सहसा बंद पडत नाही.

उपाय स्वस्त आहे. किल्ली धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवा. रेडिओ लहरी अडतात. पाकीट गाडीजवळ नेऊन पाहा. दार उघडले तर ते कुचकामी. नव्या अल्ट्रा-वाइडबँड किल्ल्या उत्तराला लागलेला वेळ मोजतात. लहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जाते, त्यामुळे लांबची किल्ली पकडली जाते. जोडीला इंधनपंपाचा छुपा स्विच आणि स्टिअरिंगचे जाडजूड कुलूप हवेच.

पुण्याच्या 'एआरएआय' या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक उपकरण बसवल्यास 2002 च्या भारतीय मोटार दरपत्रकात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यावर अडीच टक्के सूट होती, पण कमाल 500 रुपये. कोटीच्या गाडीला ती सूट किरकोळच. उपकरण बसवायचे ते गाडीसाठी.