वादळातील त्रिविध शर्यत आणि वाऱ्यांची नावे

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन क्रिया एकापाठोपाठ पूर्ण करावयाच्या आणि घड्याळ मध्ये कोठेही थांबवावयाचे नाही, अशा शर्यतीस ‘ट्रायथलॉन’ म्हणतात. या शब्दाची घडण ग्रीक आहे. त्यातील पहिले पद आपल्या ‘त्रि’ या संख्यावाचकाचे सगोत्र असून दुसऱ्या ‘आथ्लोन’ या पदाचा मूळ अर्थ स्पर्धेत मिळवावयाचे पारितोषिक असा आहे. तथापि प्राचीन ग्रीकांना ही शर्यत ठाऊक नव्हती. पाच क्रीडांच्या ‘पेंटाथ्लोन’च्या धर्तीवर हे नाव अलीकडे योजले गेले. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी मिशन बे या उपसागरात जी शर्यत झाली, तिच्यापासून आजच्या अर्थाने हा शब्द रूढ झाला. शब्द नवा, शर्यतही नवी. परंतु ज्या समुद्रावर आणि ज्या वाऱ्यात ती होते ते मात्र जुने आहेत, आणि त्यांना तेथील लोकांनी पूर्वीच नावे दिलेली आहेत. वादळी हवेत ही शर्यत घेण्याचा प्रश्न उद्भवतो तेव्हा या जुन्या नावांना काही व्यावहारिक मोल उरते काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या शर्यतीचे सर्वांत दीर्घ आणि प्रसिद्ध रूप हवाई बेटांवर जन्मले. ओआहू बेटावर पोहण्याची, बेटाला सायकलवरून प्रदक्षिणा घालण्याची आणि मॅरेथॉनची अशा तीन स्वतंत्र शर्यती होत असत. नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्या तिन्ही एकाच दिवसात गुंफल्या आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिली ‘आयर्नमॅन’ शर्यत झाली. सुमारे ३.९ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.१९५ किलोमीटर धावणे असे तिचे मान ठरले. १५ जण उतरले. त्यांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली.

दुसऱ्याच वर्षी वादळाशी गाठ पडली. जानेवारी १९७९ मधील शर्यतीसाठी सुमारे ५० स्पर्धक जमले होते. परंतु हवा इतकी बिघडली की शर्यत शनिवारऐवजी रविवारी घ्यावी लागली, आणि रविवारी सकाळी प्रत्यक्षात केवळ १५ जण पाण्यात उतरले. टॉम वॉरन यांनी ११ तास १५ मिनिटे ५६ सेकंदांत ती जिंकली. लिन लेमेअर या ती पूर्ण करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढील वर्षी, १९८० मध्ये, वैकीकीचा समुद्र खवळलेला असल्यामुळे पोहण्याचा टप्पा आला मोआना येथील आडोशाच्या पाण्यात हलविण्यात आला. म्हणजे वादळापुढे आयोजकांनी पहिल्या तीन वर्षांतच दोन उपाय योजून पाहिले होते: एक दिवस थांबणे आणि जागा बदलणे.

जागा बदलावयाची तर कोणती बाजू आडोशाची आणि कोणती उघडी हे ठाऊक असले पाहिजे. हवाई बेटांवर वर्षाचा बहुतेक काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. (येथे प्रसंगाने हे सांगावयास हरकत नाही की ‘व्यापारी’ हे विशेषण इंग्रजी नावाच्या शब्दशः भाषांतरातून आले आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ ‘वाट, ठराविक मार्ग’ असा होता. एकाच वाटेने सतत वाहणारा तो वारा. व्यापाराचा अर्थ मागाहून चिकटला आणि आपण तोच उचलला.) या वाऱ्यांमुळे प्रत्येक बेटाच्या दोन बाजू पडतात: भूगोलाच्या परिभाषेत वाताभिमुख आणि वातविन्मुख. हवाईयन भाषेत यांना अनुक्रमे ‘कोओलाउ’ आणि ‘कोना’ अशी नावे आहेत.

या दोन शब्दांचा इतिहास उद्बोधक आहे. माओरी भाषेत ‘तोंगा’ म्हणजे दक्षिण दिशा किंवा दक्षिणेचा वारा. सामोअन आणि तोंगन या भाषांतही हा शब्द दक्षिणवाचकच आहे. हवाईयन भाषेत जुन्या ‘त’चा ‘क’ आणि कंठ्य अनुनासिकाचा ‘न’ होतो. ‘माणूस’ या अर्थाचा माओरी ‘तांगाता’ हवाईत ‘कानाका’ होतो तो याच नियमाने. त्याच नियमाने ‘तोंगा’चे ‘कोना’ झाले. दुसरीकडे तोंगन भाषेतील ‘तोकेलाउ’ हा उत्तरवाचक शब्द घ्यावा. त्यातील ‘त’चा ‘क’ झाला, मूळच्या ‘क’च्या जागी काकल्य स्पर्श आला, मधला ‘ए’ शेजारच्या ‘ओ’सारखा झाला आणि ‘कोओलाउ’ हे रूप सिद्ध झाले. ध्वनींचा हिशेब असा लागतो; अर्थाचा हिशेब अधिक मनोरंजक आहे. दक्षिण प्रशांत महासागरातून उत्तरेकडे आलेल्या दर्यावर्दींनी दिशांची आणि वाऱ्यांची नावे बरोबर आणली. परंतु नव्या बेटांवर उत्तर-दक्षिणेपेक्षा वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू हा भेद महत्त्वाचा ठरला आणि शब्दांनी त्या भेदाशी स्वतःस जुळवून घेतले.

आता ‘कोना’ या शब्दातील गुंतागुंत लक्षात येईल. बाजू या अर्थाने कोना म्हणजे आडोसा, शांत पाणी. परंतु हिवाळ्यात कधीकधी बेटांच्या पश्चिमेस वा वायव्येस कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो, व्यापारी वारे मंदावतात आणि दक्षिण-नैर्ऋत्येकडून पावसासह जोरदार वारा सुटतो. हा वारा आडोशाच्याच बाजूने येतो, म्हणून त्यालाही ‘कोना’ म्हणतात. अशा वेळी वैकीकीसारखा दक्षिणेकडे तोंड असलेला किनारा, जो एरवी सुरक्षित, तोच वाऱ्याच्या तोंडी सापडतो. एकच शब्द एरवीच्या शांततेचे आणि अवचित येणाऱ्या वादळाचे नाव आहे. यात विसंगती नाही. शब्द वाऱ्याचा जोर सांगत नसून बाजू सांगतो, आणि त्या बाजूने वारा आला तर काय होईल हे ऐकणाऱ्याने जाणावयाचे असते.

१९८१ मध्ये ही शर्यत ओआहूहून हवाई या मोठ्या बेटावरील कोना परिसरात नेण्यात आली. आज जगभरच्या स्पर्धकांना ‘कोना’ हे केवळ स्थलनाम म्हणून ठाऊक आहे. विशेषनाम होताच शब्दातील दिशेचा अर्थ बाहेरच्या माणसाला दिसेनासा होतो. तथापि तेथे गेलेल्या सायकलपटूला वाऱ्याचा परिचय फार काळ टाळता येत नाही. मौना केआ हा पर्वत आणि कोहाला डोंगर यांच्यामधील खिंडीतून व्यापारी वारे दाटीने कावाइहाए बंदराकडे उतरतात. या वाऱ्याला ‘मुमुकू’ असे खास नाव आहे. सायकलवर तो आडवा येतो. याच आडव्या वाऱ्यांमुळे तेथील शर्यतीत आऱ्यांऐवजी सलग तबकडी असलेली चाके वापरण्यास बंदी आहे. अशा चाकावर वारा शिडासारखा भरतो.

प्रत्येक जागेच्या वाऱ्यास स्वतंत्र नाव देण्याची ही प्रथा हवाईत फार खोलवर रुजलेली आहे. मोझेस नाकुइना यांनी १९०२ मध्ये हवाईयन भाषेत प्रसिद्ध केलेल्या पाकाआ आणि त्याचा पुत्र कूआपाकाआ यांच्या कथेत बेटोबेटीच्या वाऱ्यांची लांबच लांब नामावळी येते. या कथेत वारे एका भोपळ्यात कोंडलेले असून नाव घेऊन हाक मारताच ते बाहेर येतात. मोलोकाई बेटाजवळून राजाचा तांडा जात असता मुलगा वाऱ्यांची नावे पुकारून वादळाची सूचना देतो आणि किनाऱ्यास लागण्यास सांगतो. त्याचे न ऐकता होड्या पुढे जातात, वादळात सापडतात आणि त्यांना परतावे लागते. भोपळ्याचा चमत्कार बाजूस ठेवला तरी कथेचा भावार्थ स्पष्ट आहे: समुद्रावर जाणाऱ्याला वाऱ्यांची नावे पाठ असणे हे ज्ञान होते आणि त्या ज्ञानाची उपेक्षा जिवावर बेतू शकत होती.

तो धोका आजही कल्पित नाही. वादळ शर्यतीच्या तिन्ही टप्प्यांस सारखे भोवत नाही. धावणाऱ्यास पाऊस आणि समोरचा वारा थकवितो व गारठवितो, पण तो कधीही थांबू शकतो. सायकलपटूचा प्रश्न अधिक अवघड: वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट, त्यात ओला रस्ता आणि वळणे. परंतु खरा जिवाचा प्रश्न पाण्यात असतो. पोहणाऱ्याचे डोळे पाण्याच्या पातळीवर असतात. लाटा उंचावल्या की दिशादर्शक तरंडे दिसत नाहीत, श्वास घेताना पाणी तोंडात जाते, आणि किनाऱ्यावरील वा होडीवरील रक्षकासही लाटांमधील डोके दिसणे कठीण होते. म्हणूनच हवा बिघडली असता आयोजक प्रथम पोहण्याचा टप्पा आखूड करतात किंवा तो वगळून त्याऐवजी धावण्याचा टप्पा घालतात. विजा चमकू लागल्या तर पाण्यात कोणासही ठेवता येत नाही.

ऑलिंपिक क्रीडांत ट्रायथलॉनचा समावेश २००० मध्ये सिडनी येथे झाला. टोकियो ऑलिंपिकमधील स्त्रियांची शर्यत २७ जुलै २०२१ रोजी सकाळी होती. त्या वेळी जपानकडे एक वादळ सरकत होते. पाऊस आणि वारा यांमुळे शर्यत १५ मिनिटे उशिरा सुरू झाली. ओल्या रस्त्यावर सायकली घसरल्या. बर्म्युडाच्या फ्लोरा डफी यांनी १ तास ५५ मिनिटे ३६ सेकंदांत शर्यत जिंकून आपल्या चिमुकल्या देशास पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. याच वादळाने उठविलेल्या लाटांचा लाभ घेण्यासाठी लाटांवर फळीने स्वार होण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी मात्र एक दिवस अलीकडे आणून त्याच २७ तारखेस घेण्यात आली. एका स्पर्धेस जे विघ्न तेच दुसरीस साहाय्य.

या वादळाला आंतरराष्ट्रीय यादीनुसार ‘नेपार्ताक’ हे नाव होते. ते मायक्रोनेशियाने सुचविलेले, कोस्राए बेटावरील एका योद्ध्याचे नाव. जपानात मात्र ते त्या वर्षीचे ‘८ क्रमांकाचे ताइफू’ म्हणून ओळखले गेले. ‘कोना’ वा ‘मुमुकू’ यांहून ही नावे प्रकृतीने भिन्न आहेत. ती एकेका वादळाची ओळख पटवितात. ते कोठून येईल आणि कोणत्या किनाऱ्यास झोडपील हे सांगत नाहीत. ते सांगण्याचे काम त्यांच्यासोबत येणारे नकाशे आणि आकडे करतात.

महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅनचे निम्म्या अंतराचे रूप प्रथम झाले: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. पावसाळा सरल्यावरचा हा काळ. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो हा कोळ्यांचा परंपरागत हिशेब येथे आपोआप पाळला गेला आहे. आपल्या भाषेतही बाजू सांगणारी नावे आहेत. दिवसा समुद्राकडून येणारे ते खारे वारे, रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे ते मतलई वारे. मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी सपाट दिसते आणि नवख्यास ते निर्धोक वाटते. वस्तुतः तोच वारा दमलेल्या पोहणाऱ्यास किनाऱ्यापासून दूर लोटतो. ज्याला हा शब्द अर्थासह ठाऊक आहे त्याला ही सूचना निराळी द्यावी लागत नाही.

यावरून असा निष्कर्ष काढता येतो की वादळाचा वेग आणि वेळ यांबाबत वेधशाळेच्या आकड्यांना पर्याय नाही; परंतु एका विशिष्ट उपसागरात, एका विशिष्ट पहाटे पाण्यात उतरावे की नाही, हे ठरविताना त्या किनाऱ्याच्या भाषेने साठविलेले ज्ञान आकड्यांना पूरक ठरते. स्पर्धकांस देण्यात येणाऱ्या सूचनापत्रकात अंतरे, वळणे आणि वेळा यांबरोबर तेथील वाऱ्यांची स्थानिक नावे आणि प्रत्येकाची दिशा नोंदविण्यास एक पान पुरेल, आणि ते पान लिहिण्यासाठी आयोजकांनी प्रथम तेथील कोळ्यांना विचारले पाहिजे.