पाटोद्याचे पोर, पुण्याची तालीम

गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड तुम्ही पाहिला असेल. ऊन कलले की आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. कुठे रेवड्यांवर, कुठे नारळावर, फार तर दहा-वीस रुपयांवर. पंच पोरांचे दंड धरून जोड लावतात आणि बघ्यांच्या कड्यातून एखादा म्हातारा विचारतो, "कुणाचा रे हा?" कोणीतरी बापाचे नाव सांगतो. म्हातारा मान डोलावतो. "तरीच! पैलवानाचंच पोर ते." एवढ्यावर सगळा उलगडा झाला असे आपण धरून चालतो. चांगल्या म्हशीची रेडी दुधाला चांगली निघते, तसा पैलवानाचा पोरगा कुस्तीला चांगला निघणार!

मंडळी, ही गोष्ट इतकी सोपी असती तर महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या पैलवानांच्या घरी आज पदके टांगलेली दिसली असती. ती तशी दिसत नाहीत. बापाकडून पोराला काय मिळते, काय मिळत नाही, आणि जे मिळत नाही त्यासाठी घराला किती सोसावे लागते, हे बघायचे असेल तर राहुल आवारेची सुरुवातीची वर्षे बघावीत.

आपल्या बोईसर-पालघरकडचे वाचक म्हणतील, आमचा मुलूख भाताचा, चिकूचा, मासळीचा, तालमी घाटावरच्या. खरे आहे. पण राहुल कोल्हापूर-सांगलीकडचाही नाही. तो बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. बालाघाटच्या डोंगरातला हा तालुका. मांजरा नदी इथेच उगम पावते, पण पाण्याचा खरा फायदा खालच्या लोकांना. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि ऊसतोडीला घरेच्या घरे कुलूप लावून जाणारा हा जिल्हा. अशा ठिकाणी खुराकाची भाषा बोलणेसुद्धा धाडसाचे. १९९१ साली राहुलचा जन्म झाला. वडील बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान. राहुलने कुस्तीचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली गिरवले. धाकटा भाऊ गोकुळ, तोही पुढे कुस्तीतच उतरला.

आता पैलवान बाप पोराला देतो काय? डाव देतो, असे आपल्याला वाटते. डाव तर कोणीही वस्ताद शिकवील. बाप देतो ती सवय. पहाटे चारला अंथरूण सोडायची, हौद्यातली माती खोऱ्याने खालीवर करायची, जोर-बैठका मोजत नाही तर घामाने मोजायच्या. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू का घालतात, हे ते पोर न विचारता शिकते. पडावे कसे, हे शिकते. मान कशी सांभाळावी, हे शिकते. आणि एक मोठी गोष्ट म्हणजे हरल्यावर घरी आले की रडणे किती वेळ चालू द्यायचे, हे पैलवान बापाला ठाऊक असते. ज्याने स्वतः कधी पाठ टेकवली नाही, त्याला ते कळणे अवघड.

न देता येणाऱ्या गोष्टीही आहेत. रोज लढायला आपल्या वजनाचे, आपल्यापेक्षा थोडे सरस असे जोडीदार लागतात. ते तालुक्याच्या गावी किती मिळणार? शिवाय बापाच्या डोळ्यांवर माया असते. परका वस्ताद पोराला मातीत घोळसतो, बापाचा हात आखडतो. उलटही होते, स्वतःचे राहिलेले सगळे पोराकडून वसूल करायला निघालेले बापही आम्ही पाहिले आहेत, आणि अशा घरातली पोरे विसाव्या वर्षीच लंगोट खुंटीला टांगतात. म्हणून जाणत्या पैलवानाची खूण एकच: पोर हाताबाहेर चांगले निघू लागले की ते दुसऱ्याच्या हाती सोपवतो.

राहुल पुण्याला आला तो गोकुळ वस्ताद तालमीत, हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली. जुन्या शौकिनांना हे नाव सांगायला नको. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातला हा मल्ल, १९६९ सालचा महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तम-ए-हिंद. दिल्लीच्या सतपालवर त्यांनी मिळवलेला विजय अजूनही फडाच्या कडेला बसून लोक सांगतात. मराठवाड्याचा माणूस पुण्यात वस्ताद म्हणून बसला होता आणि मराठवाड्याचे पोर त्याच्याकडे आले. घर सुटले तरी बोली सुटली नाही. तालमीत राहणाऱ्या पोराला हा आधार केवढा असतो ते ज्यांनी मुले बाहेर ठेवली आहेत त्यांना कळेल.

इथे एक अडचण सांगायला हवी, कारण ती पुष्कळ घरांची आहे. राहुल अंगाने लहान. पुढे तो ५५ आणि नंतर ५७ किलोत लढला. आपल्याकडे मान आणि पैसा मोठ्या पैलवानाला. महाराष्ट्र केसरीच्या गदेची कुस्ती ८६ किलोंच्या वरच्या मल्लांची. जत्रेतले मोठे इनामही शेवटच्या, वजनदार जोडीला. ५५ किलोचा पोरगा कितीही चपळ असला तरी गदा त्याच्या खांद्यावर येणे नाही. म्हणजे त्याने दुसरी वाट धरायला हवी, आणि ती वाट मातीतून नव्हे, मॅटवरून जाते. तिथे वजनाप्रमाणे गट असतात आणि लहान अंगाच्या मल्लाचे पदक मोठ्याच्या पदकाइतकेच वजनदार असते.

ही वाट नवी नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच वाटेने गेले. तेही पैलवानाचेच चिरंजीव. वडील दादासाहेब कुस्तीगीर, पाच भावांत खाशाबा धाकटे. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे तर पैसे नाहीत, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राहुलचा गट पुढे तोच झाला, ५७ किलो.

मातीचा मल्ल मॅटवर गेला की त्याचे पहिले वर्ष नांगराच्या बैलाला टांग्याला जुंपावे तसे जाते. मातीत वेळ आपला असतो. खडाखडी करा, समोरच्याला दमवा, संधी आली की ढाक टाका, चीतपट झाली की कुस्ती संपली. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. पट काढून खाली आणले आणि ताबा घेतला की दोन गुण. रिंगणाबाहेर ढकलले तरी एक गुण. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकवताही निकाल लागतो. म्हणजे इथे थांबून चालत नाही, आणि हिशेबही ठेवावा लागतो. मातीवर पाय रुततो, मॅटवर चिकटतो नि घसरतो. ज्याच्या घरात दोन पिढ्यांची माती मुरलेली आहे त्याला हे पुन्हा पहिल्यापासून शिकायचे म्हणजे बापाने शिकवलेल्यातले काही विसरायचेच.

राहुल ते लवकर शिकला. २००८ साली पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता; त्याने सुवर्णपदक घेतले. पुढच्याच वर्षी जागतिक ज्युनिअर स्पर्धेत रौप्य. मे २०११ मध्ये ताश्कंदला मोठ्यांच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. विशीही पुरी व्हायची होती. लंडनचे ऑलिंपिक वर्षावर आलेले. कोणालाही वाटावे की आता हा मुलगा थांबत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात हरिश्चंद्र बिराजदार गेले.

तालमीत वस्ताद जाणे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. वस्ताद फक्त डाव शिकवत नाही. पोराने काय खाल्ले, रात्री झोपला की नाही, गावाकडून पत्र किंवा फोन आला का, सगळे तो बघतो. बापाने ज्याच्या हाती पोर दिले तो हातच राहिला नाही. पुढे राहुल काका पवारांकडे गेला. काकाही लातूरकडचेच, ग्रीको-रोमन कुस्तीतले अर्जुन पुरस्काराचे मानकरी. पुण्यात कात्रजकडे त्यांनी उभ्या केलेल्या कुस्ती संकुलात त्याचा सराव चालू राहिला.

आणि मग वाट बघणे सुरू झाले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ५५ किलोत भारताकडून अमित कुमार गेला. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलला ५७ किलोत पुन्हा अमित कुमार, आणि त्याने सुवर्ण आणले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला संदीप तोमर. गंमत बघा, अमित दिल्लीच्या छत्रसाल आखाड्यातला, ज्या आखाड्याचे गुरू तेच सतपाल, बिराजदारांनी हरवलेले. गुरूंचा हिशेब शिष्यांच्या पिढीत फिरून आला. एका देशातून एका वजनात एकच मल्ल जातो. दुसरा कितीही तोलामोलाचा असो, तो घरी बसतो. निवड कशी झाली, चाचणी व्हायला हवी होती की नको, यावर त्या काळात महाराष्ट्रात पुष्कळ बोलले गेले. त्या वादात आम्ही पंच होत नाही. पण ज्या मुलाने विशीच्या आत आशियाई पदक आणले, तो सव्विशीपर्यंत मोठ्या मेळ्याच्या दारात उभा होता, एवढे खरे. त्यात २०१३ च्या फेब्रुवारीत कुस्तीच ऑलिंपिकमधून काढायची शिफारस झाली होती. सप्टेंबरात ती परत घेतली गेली, पण मधले सात महिने तालमीतल्या पोरांनी काय मनाने जोर काढले असतील!

अशा वर्षांचा खर्च कोण उचलतो? घर. दूध, तूप, बदाम, मटण, फळे, तालमीतले राहणे, प्रवास, दुखापतीचे औषधपाणी. शेतकऱ्याच्या घरी याचा अर्थ सरळ आहे: डेअरीला जाणारे दूध कमी, थोरल्याचे लग्न पुढे, विहिरीची मोटार पुढच्या वर्षी. पीक बुडाले तर निदान हंगाम संपल्याचे कळते. कुस्तीत हंगाम संपला की नाही हेच कळत नाही. इथे मात्र बाप पैलवान असण्याचा उपयोग होतो. बिनकुस्तीच्या घरात तिसऱ्या वर्षी पोराला परत बोलावतात. पैलवानाच्या घरात अजून एक वर्ष बघू म्हणणारा माणूस असतो. आमच्या मते दुसऱ्या पिढीच्या मल्लाला मिळणारा खरा वारसा हाच. अंगातली ताकद त्यानंतरची.

बोईसरकडच्या एखाद्या घरी पोरगा पुण्याच्या तालमीत जायचे म्हणत असेल, तर दोन गोष्टी बघून घ्या. एक, वस्ताद वाढत्या वयाच्या मुलाचे वजन उपाशी ठेवून, पाणी तोडून उतरवायला लावतो का? लावत असेल तर तिथे ठेवू नका; त्या वयात हाडे भरायची असतात. दुसरी, शाळा-कॉलेज चालू राहते का? गुडघा किंवा मान गेली की कुस्ती एका दुपारी संपते. औषधाच्या नावाने कसल्या गोळ्या-इंजेक्शने कोणी देऊ लागला, तर विचारायलाही थांबू नका, पोराला घेऊन या.

२०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि ५७ किलोत अखेर राहुलचे नाव लागले. उपांत्य फेरीत पाकिस्तानच्या महंमद बिलालशी गाठ पडली. राहुलने ती १२-८ अशी काढली. १२ एप्रिलला अंतिम कुस्ती कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीशी. हा ताकाहाशी कोण? रे ताकाहाशी यांचा मुलगा. रे हे १९७६ आणि १९८४ ही दोन ऑलिंपिक खेळलेले मल्ल. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या त्या मॅटवर दोन्ही बाजूंनी पैलवानांचीच पोरे उभी होती. एकाच्या पाठीशी दोन ऑलिंपिक पाहिलेला बाप, दुसऱ्याच्या पाठीशी पाटोद्याची माती.

कुस्ती चढउताराची झाली. मध्येच दुखापतीने राहुल थांबला, पुन्हा उठला. निकाल १५-७. हे सुवर्ण त्याने बिराजदारांच्या स्मृतीला वाहिले. त्यांना जाऊन तेव्हा साडेसहा वर्षे झाली होती.

पुढच्या वर्षी कझाकस्तानात जागतिक स्पर्धेत त्याने ६१ किलोत अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ ने हरवून कांस्यपदक घेतले. ६१ किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे ते दार त्याला उघडलेच नाही. टोकियोला ५७ किलोत रवी दहिया गेला आणि रौप्य घेऊन आला, तोही छत्रसालचाच. २०२० मध्ये राहुलला अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र पोलिसांत त्याची उपअधीक्षक म्हणून थेट नेमणूक झाली. खाशाबाही १९५५ साली पोलिसांतच फौजदार म्हणून लागले होते.