आधी भिंत, मग दिवा

प्रकाशयोजना शिकायला आलेल्यांना आमचे सर दिव्यांच्या दुकानात नेत नाहीत. आधी नेतात वेरूळला, दहा नंबरच्या लेण्यात. छताच्या दगडात लाकडी वाशांसारख्या कमानदार फासळ्या कोरल्या आहेत, म्हणून त्याला सुतार का झोपडा म्हणतात. सातव्या शतकातलं हे चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी बाराच्या सुमारास आत थेट ऊन येत नाही. अंगणातल्या दगडावर पडलेलं ऊन उसळी घेऊन दारातून आणि वरच्या गवाक्षातून आत शिरतं, खालून वर जातं, आणि त्या फासळ्यांच्या खालच्या कडा उजळतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र कलत्या उन्हाची किरणं गवाक्षातून थेट बुद्धाच्या चेहऱ्यावर पोहोचतात.

सर सांगतात, काही बोलू नका, नुसते थांबा. बाहेर भर उन्हात साधारण एक लाख लक्स असतात. तिथून आलेल्या डोळ्याला आधी फक्त काळोख दिसतो. हळूहळू स्तूप दिसतो, मग मूर्तीच्या वस्त्राची कड, मग खांबांमागची वाट. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. एवढा वेळ कुणी थांबत नाही, म्हणून हे लेणं बहुतेकांना अर्धंच दिसतं. मला वाटतं, या विद्येचा पाया इथेच आहे. उजेड किती आहे यापेक्षा तो कशावर पडतो आणि शेजारी किती अंधार आहे, यावर दिसणं ठरतं. काळा बेसॉल्ट उजेड गिळतो. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा हात दिलेला होता आणि त्यावर चित्रं. तिथे पूर्वी परावर्तक धरून बाहेरचं ऊन आत वळवलं जाई. रंगाला प्रकाशाने इजा होते, म्हणून अशा नाजूक चित्रांसाठी जगभरची संग्रहालयं 50 लक्सच्या आसपास थांबतात. सरावलेल्या डोळ्याला तेवढा उजेड पुरतो.

आता सिडकोतला एखादा दहा बाय चौदाचा हॉल घ्या. पीओपीच्या सीलिंगमध्ये सारख्या अंतरावर आठ सीओबी एलईडी दिवे, सगळे 6500 केल्विनचे पांढरेफटक आणि सगळे एकाच बटणावर. साडेआठ फुटांवरून 36 अंशांच्या झोताचा दिवा जमिनीवर साडेपाच फुटांचं वर्तुळ पाडतो. वर्तुळं फरशीवर पडतात, भिंती अंधारतात आणि खोली लहान वाटते. माणूस सोफ्यावर बसला की त्याची नजर समोरच्या भिंतीवर असते, फरशीवर नसते. म्हणून सर दिव्यांची रांग भिंतीपासून दोनेक फुटांवर आखायला लावतात, म्हणजे भिंत सलग उजळते. तीच रांग सहा इंचांवर आणली तर उजेड भिंतीला घासून उतरतो. दगडी क्लॅडिंगवर तो सुरेख दिसतो, पण पुट्टीच्या भिंतीवर पट्टीचा एकेक हेलकावा उघडा पडतो. पेंटर काम तपासताना बल्ब भिंतीला टेकवून धरतो, तो यासाठीच.

रंगाचं शिक्षण आम्हाला पैठणीने दिलं. दुकानात बायका साडी उचलून दाराशी नेतात, उन्हात बघतात आणि मगच किंमत विचारतात. त्यांचा तो अविश्वास रास्त आहे. दिव्याच्या खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा, हा आठ फिक्या रंगांचा सरासरी गुण असतो. गडद लाल त्यात मोजलेलाच नसतो. त्याचा आकडा वेगळा असतो, आर-नाइन. सीआरआय 80 असलेल्या काही एलईडींमध्ये तो शून्याच्या जवळ असतो. त्या उजेडात लाल काठ मरतो, आणि जेवणाच्या टेबलावरची आमटी व माणसांचे चेहरेही फिकट पडतात. घरासाठी मी आता 2700 ते 3000 केल्विन आणि सीआरआय 90 सांगते, शिवाय आर-नाइन लिहून मागते. दुकानदार कुरकुरतात, पण आकडा काढून देतात.

एका घरी आजोबांच्या वाचनाच्या खुर्चीसाठी वेगळा पॉइंट हवा होता. वय वाढलं की डोळ्यात शिरणारा उजेड कमी होतो. साठीच्या माणसाला विशीतल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, आणि चकाकीही जास्त खुपते. त्यामुळे दिवा खांद्यामागून आणि झाकलेला हवा. वायरमनदादा म्हणाले, ‘‘ताई, खुर्ची उद्या हलली तर?’’ प्रश्न बरोबर होता. त्यांनी तिथे लटकता पॉइंट सोडायच्या ऐवजी भिंतीत खाली एक सॉकेट काढलं, उभ्या दिव्यासाठी, आणि त्याचं बटण दाराशी आणलं. भिंतीची रांग, टेबलावरचा दिवा आणि हा कोपरा अशी तीन बटणं वेगळी ठेवली. झिरी मारून पाइप टाकून झाला, आता त्या भिंतीला प्लास्टर होईल.