उतारावरचें घर आणि त्याखालची जमीन



आमच्या येडशीला बालाघाटच्या डोंगररांगेचा शेजार आहे. गांवठाण अपुरें पडूं लागलें म्हणजे उताराच्या जागेकडे लोकांची दृष्टि वळते, आणि मग एक वाक्य हमखास कानांवर पडतें : "डोंगराची जागा, खालीं खडकच असणार, पायाची काळजी कशाला?" हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. उरलेल्या अर्ध्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

मराठवाड्यांत गांवाचे दोन भाग मानीत आले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीवर घर घालूं नये, हा पिढ्यांचा अनुभव त्या दोन शब्दांत सांठलेला आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावरची भिंत दरवर्षीं थोडी उचलली जाते व थोडी खालीं बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा जातो, दार चौकटींत अडकूं लागतें. या दृष्टीनें मुरमाड उतार काळीपेक्षां निःसंशय बरा.

परंतु आपला डोंगर म्हणजे एकसंध पाषाण नव्हे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो झाला आहे. घाटरस्त्यासाठीं कापलेली एखादी कड पाहा : कठीण काळा थर, त्यावर ठिसूळ सच्छिद्र थर, आणि कोठें कोठें मधूनच तांबड्या मातीचा पट्टा. शिवाय पावसानें वरची माती वाहून खालच्या अंगास सांचते. त्यामुळें चाळीस फूट लांबीच्या जागेंत वरच्या कोपऱ्याला हातभर खोलीवर मुरूम लागतो, तर खालच्या कोपऱ्याला पुरुषभर माती निघते. सारें घर सारखेंच किंचित् बसलें तर फारसें बिघडत नाहीं. एक कोपरा जागीं राहून दुसरा खचला कीं भिंत फाटते. उताराच्या जागेची परीक्षा ती हीच.

म्हणून घराचा नकाशा काढण्यापूर्वीं निदान तीन खड्डे घ्यावे. एक वरच्या अंगास, एक मध्यें, एक खालीं. खालचा अधिक खोल असावा, आणि त्याच्या कडा ढांसळण्यासारख्या असतील तर आंत कोणास उतरवूं नये. पहार खणखणली म्हणजे खडक लागला असेंहि समजूं नये. आपल्याकडचा पाषाण झिजतांना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो आणि मधला टणक गोटा मातींत तसाच राहतो. तीन-चार फूट बाजूला पुन्हां पहार मारावी. तेथेंहि त्याच खोलीवर तोच आवाज आला तर खडकाची आशा धरावी. प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवींत भरून चिठीवर खोली लिहून ठेवावी.

माती फुगणारी आहे किंवा नाहीं, हें पाहण्याची एक रीत मला फार आवडते, कारण ती शाळेच्या प्रयोगशाळेंतहि करतां येते. माती वाळवून बारीक चाळणीनें चाळावी. दहा दहा ग्रॅम माती दोन मापाच्या कांचनळ्यांत घालून एकींत पाणी व दुसरींत रॉकेल १०० घनसेंटिमीटरच्या खुणेपर्यंत ओतावें, ढवळून हवा जाऊं द्यावी, आणि २४ तास नळ्या हलवूं नयेत. रॉकेलांत माती फुगत नाहीं. तेथें ती १० च्या खुणेला राहिली आणि पाण्यांत २० वर चढली, तर ती दुप्पट झाली. अशा मातीवर साधा पाया घालूंच नये. एकतर ती पार करून मुरमापर्यंत जावें, किंवा तळाशीं फुगीर कंद असलेले कांक्रीटचे खांब खोल उतरवावे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें या खांबांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. शेतकऱ्याजवळ असलेली मातीपरीक्षणाची पत्रिका मात्र येथें कामाची नाहीं. ती नत्र, स्फुरद, पालाश सांगते, भार पेलण्याविषयीं बोलत नाहीं.

सर्वांत अधिक घरें बिघडतात तीं भरावामुळें. वरचा मुरूम खणून खालच्या बाजूस लोटला कीं सपाट अंगण मिळतें आणि मालक खूष होतो. पण त्या अंगणाचा अर्धा भाग मूळ जमीन असतो व अर्धा सैल ढीग. भराव आठ-नऊ इंचांच्या थरांनीं, पाणी मारून, धुमसानें ठोकून केला तरी त्यावर भिंत उभारूं नये. पाया भरावाच्या खालीं मूळ जमिनींत गेला पाहिजे. उतारावर पायाचा तळ तिरपा न ठेवतां पायऱ्यापायऱ्यांनीं उतरवावा, प्रत्येक पायरी सपाट.

पाण्याचा विचार वेगळा नव्हे. वरून येणारें पाणी घराच्या पाठीमागें चर खणून बाजूस काढावें, आणि मातीला आधार देणाऱ्या भिंतीला भोंकें ठेवावीं. तांबड्या पट्ट्याशीं भाद्रपदांत ओल पाझरते कीं काय, हें प्रत्यक्ष जाऊन पाहावें. वरची झाडें खालीं कललेली दिसलीं किंवा उतारावर आडव्या भेगा आढळल्या, तर ती जागाच सोडावी. आंबेगांव तालुक्यांतील माळीण ३० जुलै २०१४ रोजीं मुसळधार पावसांत दरडीखालीं गेलें. दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. आपल्याकडे तितका पाऊस नाहीं, परंतु पाण्यानें माती जड व निसरडी होते हा नियम येथेंहि तोच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंपहि आपल्या भागाला विसरतां येणार नाहीं. तेथें मुख्यतः चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचीं मातीचीं जड माळवदें माणसांच्या अंगावर आलीं. तेव्हां खालीं खडक लागला म्हणून वरच्या भिंतीची हयगय चालत नाहीं. जोत्याच्या व दारांखिडक्यांच्या वरच्या पातळींत सलग लोखंडी सळईचे कांक्रीटपट्टे हवेत.

खड्डे बुजविण्यापूर्वीं जिल्ह्याच्या ठिकाणाहून एखाद्या जाणत्या अभियंत्याला एकदां आणून ते दाखवावे. त्याच्या भेटीचा दिवस पावसाळा संपतां संपतां ठरवावा, म्हणजे ओल त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येईल.