पाठीचा फोटो काय सांगतो?

इंदापूर-अकलूज रस्त्यावरचे बावडा हे उसाच्या पट्ट्यातले गाव. हंगामात ऊसतोड कामगार दिवसभर वाकून कोयता चालवतात आणि उसाची मोळी डोक्यावरून वाहून नेतात. अशा माणसाची कंबर धरली, की त्याला दोन सल्ले मिळतात : 'मणका बसवून घे' आणि 'आधी फोटो काढ'. फोटो म्हणजे अर्थातच एक्स-रे. या दोन सल्ल्यांचे नाते आपण तपासून पाहू.

हे नाते जुने आहे. सप्टेंबर १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी मणक्यांवर हाताने दाब देऊन उपचार करण्याची 'कायरोप्रॅक्टिक' पद्धत सुरू केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. जागचा हललेला मणका हे बहुतेक रोगांचे मूळ, असे पामर मानत. तो मणका फोटोत दाखवता यावा म्हणून त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी १९१० मध्ये क्ष-किरणांचा वापर सुरू केला.

पण एक्स-रेत नेमके काय दिसते? अंधाऱ्या खोलीत विजेरीसमोर दोन पेन्सिली एकामागे एक धरा. भिंतीवर एकच सावली पडेल. एक्स-रे ही अशीच सावली असते; म्हणून कमरेचा फोटो समोरून आणि बाजूने असा दोनदा काढतात. हाडातील कॅल्शियम क्ष-किरण अडवते, त्यामुळे हाड पांढरे उमटते. मणक्यांमधली चकती, स्नायू आणि नसा मात्र स्पष्ट दिसत नाहीत. चकतीच्या जागी दिसते ती नुसती फट. 'गॅप कमी झाला' असे म्हणतात ते हिच्यावरूनच.

एमआरआय तपासणीत क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरी शरीरातील हायड्रोजनकडून संदेश मिळवतात, त्यामुळे चकती व नसाही दिसतात. मग दुखण्याचे कारण हमखास सापडते का? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय पाहिले गेले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली होती! केस पिकावेत तशी चकतीही वयानुसार झिजते. फोटोत दिसले तेच दुखते, असे म्हणता येत नाही.

साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत कमी होते. मणका दाबण्याच्या उपचाराने काहींना थोडा आराम पडतो, पण व्यायामानेही तेवढाच पडतो. त्यासाठी फोटो लागत नाही. कमरेच्या एक्स-रेमधून सुमारे दीड मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. धोका अल्प आहे, पण विनाकारण का घ्यावा? आणि उचल घेतलेला कामगार 'गॅप'च्या धास्तीने बसून राहिला, तर तोटा त्याचाच.

मात्र पडल्यानंतरचे दुखणे, ताप, घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग, पायातली शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. तेथे तपासणी अत्यावश्यक आहे. मोडलेला किंवा क्षयाने पोखरलेला मणका दाबला, तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. मणक्याचा क्षय सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, म्हणून फोटो स्वच्छ आला तरी लक्षणे विसरू नयेत.

फोटो काढण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारावा, हे आम्ही विद्यार्थ्यांना जरूर सांगू : 'यामुळे उपचार बदलणार आहे का?'