गर्भाशयाचा विरळा सार्कोमा
गर्भाशयाचे बहुतेक कर्करोग आतल्या अस्तरात उद्भवतात. स्नायूंच्या थरातून वाढणारा लायोमायोसार्कोमा मात्र विरळा असतो, आणि तो फायब्रॉइड या निरुपद्रवी गाठीसारखाच भासत असल्याने पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू येतो. रुग्णाचे आयुर्मान मुख्यतः रोगाच्या टप्प्यावर, म्हणजे तो गर्भाशयापुरताच आहे की फुप्फुसांपर्यंत पोचला आहे यावर अवलंबून असते. त्याखालोखाल गाठीचा आकार (२००९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ५ सेंटीमीटर ही सीमा आहे), पेशीविभाजनाचा वेग आणि वय यांचा प्रभाव पडतो. हे घटक शल्यविशारदाच्या हाती नसले, तरी गाठ अखंड काढणे बव्हंशी त्याच्या हाती असते: पोटातच तिचे तुकडे करणाऱ्या यंत्रामुळे पेशी उदरपोकळीत विखुरण्याचा धोका असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्याबाबत इशारा दिला, आणि तो तसा उशिराच आला.